बोटाच्या पेराएवढा मासा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, खात्यातल्या कुणाला तर नाहीच. माझ्या बारीकसारीक भानगडी बायकोला पाठ आहेत — पेट्रोल कुठं संपलं, कोण कुठं काय बोललं, सगळं. हे मात्र तोंडातून निघालं नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात माशांपासून करू की माणसांपासून, तेच उमजेना. माशांपासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी आरोग्यसेवक आहे. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अलीकडं आमचं उपकेंद्र. राहायला दौंडला — रेल्वे कॉलनीत जन्मलो, तिथंच वाढलो, अजून मोटारसायकलवर ये-जा करतो. माझं काम म्हणजे ताप, डास आणि डासांच्या अळ्या. लोकांना सांगायचं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून ठेवा. लोक मान डोलावतात आणि विसरतात. आणि खरं सांगायचं तर मोठा हौद दर आठवड्याला कोण उपसणार? तिथं आम्ही गप्पी मासे सोडतो. बोटाच्या पेराएवढा मासा, पण दिवसभर अळ्या टिपत असतो. औषध नको, फवारा नको. उन्हाळ्यात आरोग्य केंद्रामागच्या टाकीत त्यांची पैदास करायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर डब्यात भरून वस्त्यावस्त्यांवर नेऊन सोडायचे. हे मी इतक्या हौसेनं करायचो की लोक मला 'गप्पीसाहेब' म्हणायचे. चेष्टेनंच म्हणायचे, पण मला आवडायचं. का आवडायचं — माहीत नाही. मासा म्हणजे ताटात तळून आलेला, एवढीच माझी खरी ओळख. आणि मी गप्पीसाहेब!

आमच्या भागात सगळ्यात मोठा हौद आबांच्या वस्तीवर. आबा म्हणजे माळकरी माणूस. त्यांच्या वडलांपर्यंत ही मंडळी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायची. आबांनी बोअर पाडलं, ऊस लावला, तो पाटसच्या कारखान्याला जाऊ लागला, घर पक्कं झालं. थोडी मेंढरं मात्र त्यांनी राखली होती आणि ती त्याच हौदावर पाणी प्यायची. म्हणून औषधाचे थेंब टाकायला आबांनी साफ नकार दिला. मग मी गप्पी काढला. माळकऱ्याच्या दारात मासे! दोन दुपारी मी त्यांची समजूत घालत बसलो — आबा, हे खायचे मासे नव्हेत, तुमचं प्यायचं पाणी वेगळं आहे, हा हौद नुसता वापराच्या पाण्याचा. शेवटी ते म्हणाले, "सोडा. पर माझ्या दारात जीव मरता कामा न्हाई. त्येचं पाप मला लागंल." मी म्हटलं, मरत नाहीत. एवढ्यावर ठरलं.

आबांची सून मंगल. तिचं माहेर इनामगावच्या बाजूला, घोडच्या काठावर. तिथं मासा म्हणजे नेहमीचं कालवण. लग्न जमलं तेव्हा भावकीत कुजबुज झाली होती म्हणे, की ही पोरगी माळकऱ्याच्या घरात कशी नांदणार. लग्नानंतर आबांनी स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून तिनं माशाचं नाव काढलं नाही. आबा हे चारचौघांत सांगायचे, पोटच्या लेकीचं सांगावं तसं. सासू आधीच वारलेली. त्यामुळे देवाचा नैवेद्य, एकादशीचा फराळ, सप्त्यातलं वाढणं — सगळं मंगलच्या हातचं. त्या घरात तिची जागा ती होती. एवढं तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी तेच घालवलं.

बघा, बोलून गेलो. क्रमानं सांगणार होतो.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीला मेव्हण्याचं लग्न होतं. आठ दिवस सुट्टीवर गेलो आणि टाकीवर गोणपाट टाकायचं विसरलो. परत आलो तर पाणी आटलेलं, तळाला गाळ, आणि गाळात वाळलेले गप्पी. एकही जिवंत नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत डॉक्टर मॅडमनी विचारलं, गप्पी तयार आहेत ना? मी म्हटलं, भरपूर आहेत. का म्हटलं? मॅडम काही मला खाणार नव्हत्या. दुसऱ्या केंद्रावर एक फोन केला असता तर डबाभर मासे मिळाले असते. पण गप्पीसाहेबाचेच गप्पी मेले — ही गंमत तालुकाभर झाली असती. बास, एवढ्यासाठी. त्याच दुपारी मी घोडला मिळणाऱ्या ओढ्यावर गेलो आणि मच्छरदाणीच्या तुकड्यानं बारकी करडी पिल्लं धरली. गप्पीची मादी करडीच असते. नर असतो रंगीत शेपटीचा. माझ्या डब्यात रंगीत शेपूट एकही नव्हतं आणि पिल्लांच्या अंगावर पुसट उभे पट्टे होते. ते मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. मनात म्हटलं, मासा तो मासा, अळी खाल्ल्याशी कारण.

तो डबा मी आबांच्या हौदात ओतला. मंगलनं हौदावरचा पत्रा उचलून धरला होता. आबा कट्ट्यावरून बघत होते. त्यांनी हात जोडले — माशांना जोडले की मला, कळलं नाही.

नंतर माझ्या मनात पाल चुकचुकली. ओळखीच्या एका सेवकाकडून गुपचूप खरे गप्पी आणले आणि बाकीच्या वस्त्यांवर तेच सोडले. आबांच्या हौदाकडे मात्र परत फिरकलो नाही. डबाभर गप्पी तिथंही टाकता आले असते. आधीचे काढायचे कसे, आबांना कारण काय सांगायचं, या विचारात दिवस गेले. मग पावसाळा लागला आणि मी कामाला लागलो, असं मी स्वतःला सांगतो.

आणि इथंच माझं डोकं चालेनासं होतं. त्या पावसाळ्यात आबांच्या वस्तीवर एक माणूस तापानं पडला नाही. खालच्या आळीत घरटी एक आजारी होतं. हौदात अळी औषधाला सापडेना. मॅडमनी बैठकीत माझं नाव घेतलं. म्हणजे काम तर झालंच ना? ज्यासाठी मासे सोडायचे, ते माशांनी केलं. मग चूक कुठं झाली? — असं मी कितीदा स्वतःशी बोललोय. चूक माशात नव्हतीच.

दिवाळीच्या आधी आबांनी हौद धुवायला काढला. मला फोन आला, जरा वस्तीवर येऊन जा. गेलो तर अंगणात पाण्यानं भरलेली घमेली, आणि त्यात तळहाताएवढे मासे. आबांनी एकही मरू दिला नव्हता. आबांचे धाकटे भाऊ तात्या शेजारीच उभे होते. त्यांनीच नाव घेतलं — चिलापी. घोडमध्ये मिळते, भीमेत मिळते, रस्त्याकडेला गाड्यावर तळून मिळते, ती. हौद भरायचा बोअरवर, आणि बोअरमधून काही चिलापी येत नाही. म्हणजे कुणीतरी सोडली. मग तात्यांनी हळूच काढलं की सून पंचमीला माहेरी गेली होती, आणि येताना तिच्या हातात डबा होता. डब्यात लाह्या होत्या का लाडू, कुणी विचारलं नाही. मंगलचा नवरा दत्तू खाली बघत उभा होता. मंगल दारात.

आबा माझ्याकडं वळले. "साहेब, खरं सांगा. ही तुमची हायत का?"

मी म्हणालो, "आबा, आमचा गप्पी बोटाच्या पेरापेक्षा मोठा होत नाही."

एवढंच. आता तुम्हीच बघा — यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही. कुठल्याही पुस्तकात बघा, गप्पी तेवढाच असतो. 'नाही' हा शब्दसुद्धा मी उच्चारला नाही, म्हणजे तसा नाही. आणि तरी आयुष्यात याच्याइतकं खोटं मी बोललेलो नाही. घाबरलो होतो का? कशाला घाबरलो? नोकरी जाणार नव्हती. आबा माझ्यावर हात उचलणार नव्हते. फार तर म्हणाले असते, साहेब, तुमची चूक झाली. मग मी म्हटलं असतं, झाली. दोघं मिळून मासे नदीला सोडून आलो असतो. एवढं सोपं होतं ते. मग माझ्या तोंडून ते वाक्य का निघालं, आणि इतकं पटकन, इतकं तयार कसं निघालं? जणू गाडी चालवताना सबंध रस्ताभर मी तेच घोकत आलो होतो. कदाचित आलोही असेन.

आबांनी मंगलला विचारलं, तू सोडलीस का. ती आबांकडं बघेना. माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. मीच सोडली."

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खायची हुती तर सांगायचं हुतं, चोरून कशाला, एवढंच पुटपुटले आणि तिच्या गळ्यातल्या माळेला हात घातला. दोऱ्याची गाठ त्यांना सुटेना. शेवटी मंगलनंच मान वाकवून गाठ सोडवली आणि माळ त्यांच्या हातात दिली. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दत्तू घमेली गाडीवर घालून मासे घोडला सोडून आला. मी तोवर तिथंच, मेंढरं कोंडायच्या वाघराच्या जाळीपाशी उभा होतो.

थांबा. मी मघाशी एक गोष्ट गाळली. तुम्हाला सांगताना सुद्धा गाळली, म्हणजे बघा.

जून महिन्यात मी डबा ओतला, तेव्हा पत्रा धरलेल्या मंगलनं वाकून पाण्यात पाहिलं होतं. आबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली होती, "साहेब, ही चिलापीची पिल्लं वाटत्यात." नदीकाठची लेक ती. तिला एका नजरेत कळलं. हळू का बोलली? माझी लाज राखायला, दुसरं काय. आणि मी काय केलं? हसलो. म्हटलं, "ताई, हे सरकारी मासे आहेत. तुम्हाला माहेरची आठवण येतीय वाटतं." तिचं तोंड एवढंसं झालं. पत्रा खाली ठेवून ती घरात निघून गेली. म्हणजे माझ्या मनात पाल चुकचुकली वगैरे काही नाही — मला सांगितलेलं होतं. मासे कसले, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे त्या अंगणात फक्त तिला माहीत होतं.

मग ती 'व्हय' का म्हणाली? मला हे खरंच कळलेलं नाही. माझं नाव सरळ घेता आलं असतं. का वाटलं असेल तिला, की सरकारी माणसापुढं आपलं कोण ऐकणार? का असं, की मला जूनमध्येच कळलं होतं म्हटलं तर घरचे विचारतील, मग तेव्हा गप्प का बसलीस — आणि पिल्लू बघून मासा ओळखणारी सून म्हणजे भावकीला आयतंच कोलीत? का मी मारलेला तो माहेरचा टोमणा तिच्या कानात होता, आणि तिला कळून चुकलं की ही माणसं आपल्याला शेवटी हेच म्हणणार, मग आजच म्हणू देत? का माझं तोंड बघून तिला माझी कीव आली? कधीकधी मला हे शेवटचं खरं वाटतं, आणि त्या दिवशी जेवण जात नाही. दौंडच्या रेल्वे फाटकात मालगाडी जाईपर्यंत ताटकळत असलो की हटकून हेच डोक्यात येतं. गाडी निघून जाते, मागचे हॉर्न वाजवतात.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मी ते लांबूनच पाहिलं. मंगलला कुणी घराबाहेर काढलं नाही, मारलं नाही. शेत, मेंढरं, घरचा स्वयंपाक, सगळं तीच बघायची. नैवेद्य मात्र तात्यांच्या घरून येऊ लागला. एकादशीला ती चुलीपासून लांब. सप्त्याच्या पंगतीला मी दरवर्षी जातो. तिथं बायका गोल बसून पोळ्या लाटत होत्या आणि मंगल मांडवाच्या मागं पातेली घासत होती. कुणी तिला तिथं बस म्हणालं नव्हतं. तिला न सांगता कळलं होतं. मला पाहून तिनं पदर नीट केला आणि घासत राहिली. मी पंगतीत बसून पोटभर जेवलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर खाताना काहीच झालं नाही. ते नंतर झालं.

एकदा सांगायला म्हणून गेलो होतो. खरंच गेलो होतो. आबा एकटेच कट्ट्यावर होते. काही बोलायच्या आत त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "तुम्ही खरं बोलला म्हून कळलं. न्हाईतर मी उगं तुमच्यावर आळ घेतला असता." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली मी काय बोलणार होतो? बोलायला हवं होतं, हे मला आत्ता कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. आतून चहा आला. मंगलनं केलेला होता. मी तो प्यायलो, चांगला झालाय म्हणालो आणि उठलो.

गेल्या थंडीत आबा गेले. म्हातारपण, दुसरं काही नाही. दहाव्याला मी गेलो, घाटावर लोकांत उभा राहिलो. लोक म्हणत होते की शेवटचे दोन महिने सुनेनं लेकीसारखं केलं. अंथरुणातलं सगळं केलं. आबा तिच्या हातून पाणी घ्यायचे, औषध घ्यायचे. माळेचा विषय त्यांनी काढला का, हे मात्र कुणी बोललं नाही, आणि मी विचारायचा प्रश्नच नव्हता.

यंदा जूनमध्ये त्या वस्तीवर गेलो. गप्पी घेऊन — खरे, रंगीत शेपटीचे. ते सोडून झाल्यावर दत्तूनं बसवून घेतलं. आबांच्या माघारी तो मोकळं बोलायला लागलाय. मंगल समोरच सुपात बाजरी पाखडत होती. तिच्यादेखत तो मला सांगू लागला की आळंदीहून नवी माळ आणून ठेवलीय, पण ही घालायला तयार नाही. म्हणाला, "म्या तिला कवाच माफ केलंय, साहेब. तवा तरणं वय, माहेरची वढ, चळली जीभ. त्याच्यानंतर तिनं मासा शिवला बी न्हाई. आता कशाला धरून बसायचं?" हे तो इतक्या भल्या मनानं बोलत होता. बायकोनं न केलेली चूक त्यानं पोटात घातली होती आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

मंगलनं सूप थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "ती आबांनी काढली. घालायची बी आबांनीच हुती."

दत्तू हसला, हताशपणे. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुम्हीच सांगा की हिला, साहेब. तुमचं ऐकंल."

अंगणात आम्ही तिघंच होतो. चौथं कुणी नाही. मी म्हणालो, "त्यांच्या मनात नसेल तर राहू द्या." मग रिकामा डबा गाडीला अडकवला, हेल्मेट घातलं आणि दौंडला घरी आलो.